अर्धा विझलेला लाल दिवा : सिग्नलमधल्या एलईडीबद्दल थोडं

शनिवारपेठी

रोज सकाळी कामावर जाताना एका चौकात मला दीड मिनिट थांबावं लागतं. चौकाचं नाव मुद्दाम देत नाही. दिलं की धागा दिव्यांवरून रस्तारुंदीकरणावर जाणार, तिथून मेट्रोवर, आणि मग शंभर प्रतिसादांनंतर कुणीतरी विचारणार की मूळ विषय काय होता.

तर या दीड मिनिटात बाकीचे मोबाईल बघतात, मी दिवे बघतो. गेल्या आठवड्यात लक्षात आलं की लाल दिव्याचा खालचा डावा भाग काळा पडलाय. खंडग्रास ग्रहण लागल्यासारखा. बाकीचे ठिपके छान पेटलेले, त्यामुळे लोक थांबत होते. (म्हणजे पुण्यात जेवढे थांबतात तेवढे.)

लहानपणी टिळक रोडवर सिग्नलचा बल्ब गेला की काय व्हायचं ते आठवलं. लाल गेला म्हणजे गेला, पूर्ण काळोख. मग पोलीसमामा मध्ये उभे राहून हात हलवायचे, आणि चारही बाजूंचे लोक आपापल्या सोयीने त्या हातांचा अर्थ लावायचे.

घरी येऊन कागदावर हिशोब केला. साधा चार रस्त्यांचा चौक धरा. प्रत्येक बाजूला जवळचा, लांबचा आणि वरचा असे तीन सिग्नल, म्हणजे कुठल्याही क्षणी १२ दिवे पेटलेले. जुने बल्ब १०० वॉटचे धरले तर १,२०० वॉट. दिवसाचे १६ तास धरू, रात्री पिवळा मिचमिचतो तो सोडून देऊ. दिवसाला १९ युनिट, वर्षाला सुमारे ७,०००. तेच दिवे १२ वॉटचे एलईडी असतील तर वर्षाला साधारण ८४०. एका चौकात सहा हजारांवर युनिट वाचतात, आणि पुण्यात चौक किती आहेत ते तुम्हीच मोजा.

पण वीज वाचते हे सगळ्यांनाच माहीत आहे. मला उत्सुकता आहे ती यापलीकडची. एलईडीमुळे सिग्नल *सिग्नल म्हणून* सुधारला का? जाणकारांनी लिहावं.

---

वैतागराव

सिग्नल सुधारला. माणसं कधी?

---

मुळशीकर

पहिल्याच प्रतिसादात समाधी लागली की राव. 😄
धागा आवडला. वाचतोय.

---

कॅपॅसिटर

शनिवारपेठी, हिशोब बरोबर आहे. पण इतका फरक का पडतो ते सांगायला हवं, कारण नुसतं 'एलईडी कमी वीज खातो' म्हणून भागत नाही.

साधा बल्ब म्हणजे तापवलेली तार. दिलेल्या विजेतला ९० टक्क्यांहून जास्त भाग उष्णतेत जातो. उरलेला थोडा उजेड पांढरा, म्हणजे सगळ्या रंगांची मिसळ. त्याच्यापुढे लाल काच लावली की ती लाल तेवढा बाहेर सोडते आणि बाकीचे रंग गिळते. म्हणजे आधीच चिमूटभर उजेड, त्यातलाही बराचसा काचेच्या पोटात. एलईडी मुळातच लाल उजेड देतो, ६२० ते ६३० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा. गाळायला काही नाहीच. घरातल्या पांढऱ्या एलईडीपेक्षा सिग्नलमध्ये फायदा जास्त दिसतो तो यामुळे.

आणि तो काळा कोपरा. जुन्या धाटणीच्या मॉड्यूलमध्ये (म्हणजे सिग्नलच्या एका रंगाच्या दिव्याच्या डब्यात) शंभर-दोनशे बारके एलईडी असतात, त्यांच्या माळा केलेल्या असतात. दिवाळीची माळ आठवा, एक दिवा गेला की ती अख्खी माळ जाते, शेजारची चालू राहते. तुमच्या चौकात एक-दोन माळा गेल्यात. नव्या मॉड्यूलमध्ये मागे मोजकेच जोरदार एलईडी आणि पुढे उजेड पसरवणारी भिंगं असतात. त्यामुळे ठिपके दिसत नाहीत, सगळी तबकडी एकसारखी पेटलेली दिसते.

---

पौडरोडवासी

आमच्याकडचा एक अनुभव. सकाळी साडेसात-आठला डेक्कनकडून कोथरूडकडे जाताना सूर्य पाठीमागे असतो आणि अगदी खाली. पूर्वी त्या वेळी सिग्नलच्या तोंडावर ऊन पडलं की तिन्ही दिवे पेटल्यासारखे वाटायचे. लाल, पिवळा, हिरवा सगळे एकदम! मग पुढची रिक्षा काय करते ते बघून ठरवायचं. (म्हणजे दोघंही देवावर हवाला.)

आता तसं होत नाही. हे एलईडीमुळेच ना?

---

कॅपॅसिटर

हो, एलईडीमुळेच. जुन्या सिग्नलमध्ये बल्बच्या मागे वाटीसारखा आरसा असायचा, मोटारीच्या हेडलाइटमध्ये असतो तसा. ऊन रंगीत काचेतून आत जायचं, आरशावर आपटायचं आणि रंग घेऊन परत बाहेर यायचं. बंद दिवा पेटलेला दिसायचा. याला भूतदिवा म्हणायला हरकत नाही. एलईडीत तो आरसाच नाही, शिवाय पुढची काच बहुतेक बिनरंगी असते. बंद असला की तो काळपट दिसतो, विषय संपला.

वरचा छज्जा (टोपी म्हणा) मात्र अजूनही लागतो. तो वाकलेला असेल तर भर उन्हात एलईडीसुद्धा फिका पडतो.

---

शिडीवाला

नमस्कार मंडळी. मी फारसा लिहीत नाही, वाचतो. पण हा विषय निघाला म्हणून राहवलं नाही.

नव्वदच्या दशकात मी एका ठेकेदाराकडे होतो, सिग्नल सांभाळायचं काम. आमच्याकडे एक शिडी, एक सायकल आणि पाठीला पिशवी. पिशवीत बल्ब, फडकं, पक्कड, टेस्टर. शिडी दोघांनी धरून सायकलवरून न्यायची. आजच्या ट्रॅफिकमध्ये कोणी तसं करून दाखवावं.

घरातला बल्ब हजारेक तासांचा. सिग्नलचा खास बल्ब यायचा, आतल्या तारेला जास्त आधार असलेला, तो काही हजार तास चालावा अशी अपेक्षा. कागदावर. चौकातून ट्रक गेला की खांब थरथरतो, व्होल्टेज वरखाली होतं, आणि तार तुटते. कधी खास बल्ब संपलेले असायचे, मग साधाच लावायचो. तो महिन्या-दोन महिन्यांत परत गेला की परत शिडी.

सगळ्यात जास्त लाल जायचा. कारण सोपं आहे, चार रस्त्यांच्या चौकात प्रत्येक बाजू पाऊण वेळ लालच असते. पिवळा वर्ष वर्ष टिकायचा.

बल्ब बदलण्यापेक्षा वाईट काम म्हणजे साफसफाई. बल्ब तापतो, उजेडाला किडे येतात, फटीतून आत जातात आणि तिथेच मरतात. पावसाळ्यात काच उघडली की ओंजळभर किडे खाली. आरशावर धूळ आणि धूर बसून तो काळा झालेला. नवा बल्ब लावूनही दिवा मंदच. फडक्याने पुसला की लख्ख. लोक म्हणायचे नवा बल्ब चांगला लागला, आम्ही हसायचो.

---

शनिवारपेठी

शिडीवाला काका, हे असलं वाचायला मिळावं म्हणूनच धागा काढला होता. आणखी लिहा ना.

---

बोरीबंदर

पुणेकरांना लाल दिवा कसा दिसतो यावर चर्चा चालू आहे हे बघून डोळे पाणावले. पुण्यात लाल दिवा 'सुचवणी' असते असं ऐकून होतो. (हलकेच घ्या.)

आमच्या मुंबईत दादरला, शिवाजी पार्कच्या भागात २०२० मध्ये पादचाऱ्यांच्या सिग्नलमध्ये बाईची आकृती लावली. फ्रॉक घातलेली. त्याच वर्षीच्या सुरुवातीला मुंबई पोलिसांनी हॉर्न मोजणारा सिग्नल केला होता. गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद परत पहिल्यापासून. जितका हॉर्न वाजवाल तितकं थांबाल!

---

वैतागराव

पुण्यात तो लावला तर लाल दिवा अजूनही चालूच असता.

---

सायकलवाली आजी

मी ७४ वर्षांची. सायकल आता फक्त नावात उरली आहे, चालत जाते.

तुम्ही सगळे गाडीच्या काचेतून बोलताय. पायी चालणाऱ्यांसाठी एलईडीने एक चांगलं केलं. चालणारा हिरवा माणूस नीट दिसतो आणि किती सेकंद उरलेत ते आकड्यात कळतं. पूर्वी हिरवा दिसला म्हणून पाऊल टाकावं आणि मध्यावर गेल्यावर बसवाल्याने हॉर्न मारावा. आता '१२' दिसलं तर मी निघते, '८' दिसलं तर थांबते. माझे पाय माझ्या माहितीचे आहेत.

पण काही चौकांत तो हिरवा माणूस शेवटी पळायला लागतो. त्याला म्हणावं, तू पळ, मला जमणार नाही.

दुसरं, माझ्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं राहिलंय. राहिलेल्या डोळ्याने रात्री लाल दिवा बघितला की त्याला किरणं फुटतात, कंदिलाला कागदाच्या झिरमिळ्या लावतात तशी. ऑपरेशन झालेल्या डोळ्याने गोल स्वच्छ दिसतो. जुन्या बल्बला एवढं होत नसे. तेव्हा रात्री हे दिवे थोडे मंद करता येत नाहीत का?

---

कॅपॅसिटर

आजी, येतात. हा एलईडीचा खरा मोठा गुण आहे. बल्ब मंद केला की तो तांबूस पडतो, म्हणजे हिरव्या काचेतून अजूनच कमी उजेड येतो. एलईडी क्षणात हजारदा चालू-बंद करून मंद करता येतो, रंग जवळपास तोच राहतो. दुपारच्या उन्हात पूर्ण, रात्री कमी. कंट्रोलरमध्ये, म्हणजे सिग्नल चालवणाऱ्या पेटीत, सोय असली आणि कुणी ती चालू केली तर.

---

पेठेतला_पहिला_मजला

आजींना जोरदार अनुमोदन. आमच्या खिडकीसमोर सिग्नल आहे. रात्री अकरानंतर पिवळा मिचमिचायला लागतो. पूर्वी तो दिवा मवाळ होता, हळूच पेटायचा, हळूच विझायचा, अंगाईसारखा. एलईडी आल्यापासून चाबूक मारल्यासारखा टक्, टक्, टक्. भिंतीवरचं कॅलेंडर रात्रभर दिसतं नि जातं. बायको म्हणते लग्नाच्या वरातीत झोपल्यासारखं वाटतं.

जाड पडदे लावले. आता सकाळ झालेली कळत नाही.

---

कॅपॅसिटर

तुमची तक्रार शास्त्रशुद्ध आहे. तार तापायला आणि थंड व्हायला वेळ लागतो, सेकंदाचा पाचवा भाग वगैरे. एलईडीला तेवढाही लागत नाही. गाड्यांच्या मागच्या ब्रेकच्या दिव्यांत हाच गुण कामाला येतो, मागच्याला तेवढं आधी कळतं. तुमच्या बेडरूममध्ये तो वाया जातोय एवढंच.

---

हिरवापिवळा

आयडी बघून कळलं असेल, मी रंगांध आहे. लाल-हिरव्याचा घोळ. पुरुषांत हे बायकांपेक्षा कितीतरी जास्त असतं. इथे वाचणाऱ्यांतही दोन-चार असतीलच, काहींना स्वतःला माहीत नसेल.

सगळे विचारतात तेच आधी सांगतो. सिग्नल कसा कळतो? लाल वर, हिरवा खाली. जागेवरून. दिवसा काहीच अडत नाही. रात्री खांब आणि खोकं अंधारात गेलं की नुसता एक ठिपका दिसतो, तो वरचा की खालचा ते कळत नाही. तिथे अडचण.

आता एलईडीबद्दल. सिग्नलचा हिरवा शुद्ध पोपटी नसतो, त्यात निळसर झाक असते, ५०० नॅनोमीटरच्या आसपास. ती आमच्यासारख्यांसाठीच ठेवलेली आहे. मला तो हिरवा वाटत नाही, पांढरट-निळा वाटतो, आणि त्यामुळेच लालपासून वेगळा ओळखता येतो. जुन्या बल्बमध्ये निळा उजेड मुळातच कमी, त्यामुळे हिरवा पिवळट मळका दिसायचा आणि माझी पंचाईत व्हायची. एलईडीचा हिरवा लांबूनही निळसर दिसतो. माझ्यासाठी हा फायदा विजेच्या बिलापेक्षा मोठा आहे.

एक गंमत. पूर्वी रस्त्यावरचे सोडियमचे पिवळे दिवे आणि सिग्नलचा पिवळा-लाल यांत मी गोंधळायचो. आता रस्त्यावर सगळीकडे पांढरे एलईडी आले. लाल झकास वेगळा दिसतो, पण हिरवा त्या पांढऱ्या रांगेत हरवतो. 'हिरवा लागलाय, निघ ना' असं मागून ऐकू आलं की मी निघतो.

आणि हो, लायसन्स आहे. २०२० च्या जूनमध्ये केंद्राने नियम बदलून सौम्य आणि मध्यम रंगांधत्व असलेल्यांना लायसन्स मिळायची वाट मोकळी केली. त्याआधी फॉर्म भरताना पोटात गोळा यायचा.

---

मुळशीकर

हिरवापिवळा, हा प्रतिसाद वेगळा लेख करा. माझा भाचा असाच आहे, त्याला वाचायला देतो.

---

विज्ञानवेडी

हिरव्या रंगावरून आठवलं. लाल एलईडी बराच जुना, निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी करून दाखवला. हिरव्याचं घोडं मात्र खूप वर्षं अडलं. जुने हिरवे एलईडी रेडिओच्या पॅनेलवर लुकलुकायचे तेवढेच, आणि ते पोपटी. सिग्नलला हवा तसा तेजस्वी निळसर हिरवा मिळाला तो निळ्या एलईडीचं कोडं सुटल्यावर, कारण दोन्हींचा कच्चा माल एकाच घराण्यातला, गॅलियम नायट्राइडचा. आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्याच निळ्यासाठी मिळालं.

म्हणून अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांनी सुरुवातीला नुसता लाल बदलला, हिरवा बल्बवरच ठेवला. लाल स्वस्त होता आणि शिडीवाला काका म्हणतात तसा सगळ्यात जास्त वेळ तोच जळतो.

अवांतर : जगातला पहिला रस्त्यावरचा सिग्नल १० डिसेंबर १८६८ ला लंडनमध्ये पार्लमेंटजवळ लागला. गॅसवर चालायचा, पोलीस हाताने फिरवायचा. महिनाभरात गॅस गळून स्फोट झाला आणि तो पोलीस भाजला. त्यानंतर विजेचा सिग्नल यायला १९१४ उजाडलं, क्लीव्हलंडमध्ये.

---

वैतागराव

म्हणजे सिग्नलपाशी उभ्या माणसाचे हाल पहिल्या दिवसापासून आहेत.

---

गोठलेला_पुणेकर

मिनेसोटातून रामराम. इथे २००६ पासून नवीन सिग्नल मॉड्यूल एलईडीच बनवावे लागतील असे कायद्याचे निकष आले, त्यामुळे बल्ब जवळपास दिसतच नाहीत.

एक तोटा सांगतो जो तुम्हाला तिकडे कधीच भोगावा लागणार नाही. बल्ब तापायचा, त्याच्या धगीने काचेवरचा बर्फ वितळायचा. एलईडी समोरून गार. वारा सुटला आणि ओला बर्फ पडला की तो दिव्याच्या तोंडावर लिंपला जातो. आत दिवा चालू, बाहेर पांढरा गोळा. २००९ मध्ये इलिनॉयमध्ये अशाच झाकल्या गेलेल्या सिग्नलवर अपघात होऊन एका बाईचा जीव गेला. त्यानंतर उघडे, तिरके छज्जे, काचेला तापवणाऱ्या तारा असे उपाय सुरू झाले. काही ठिकाणी माणूस झाडू घेऊन फिरतो.

म्हणजे वाया जाणारी उष्णता इथे फुकटची नोकर होती, हे ती गेल्यावर कळलं.

---

पौडरोडवासी

आमच्याकडे बर्फाचं काम वडाच्या फांद्या करतात. आत दिवा चालू, बाहेर हिरवं. त्यामुळे कायम 'हिरवा'.

---

ई_चलान_ग्रस्त

माझा प्रश्न. लाल तोडल्याचं चलान आलं. मी कॅमेरेवाला माणूस, गाडीत डॅशकॅम आहे. म्हटलं पुरावा देऊ. व्हिडिओ लावला तर सिग्नल चक्क बंद! मग एका फ्रेममध्ये पेटलेला, मग बंद, मग अर्धवट. मी आनंदाने नाचायचा बाकी होतो. मुलगा म्हणाला, बाबा, शेजारच्या चौकातही तसाच दिसतोय. खरंच, रस्त्यातले सगळेच सिग्नल मिचमिचताना दिसत होते. हा काय प्रकार?

(खरं सांगायचं तर लाल होता. मी पाहिला होता. दंड भरलाय.)

---

कॅपॅसिटर

प्रामाणिकपणाबद्दल सलाम. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० हेलकावे, प्रत्येकात दोन ठोके. स्वस्त ड्रायव्हरमधून (एलईडीला वीज पुरवणारं सर्किट) ती एलईडीला नीट सपाट होऊन मिळत नाही, तर सेकंदाला १०० ठोके मिळतात. मधल्या फटीत एलईडी पूर्ण विझतो. आपला डोळा हे सगळं एकत्र करून बघतो. कॅमेऱ्याचा पडदा मात्र भर उन्हात सेकंदाचा हजारावा भाग एवढाच उघडतो. तो नेमका फटीत उघडला की दिवा बंद. बल्बची तार तेवढ्यात थंड होत नाही, म्हणून जुन्या सिग्नलचं असं व्हायचं नाही. स्वतः चालणाऱ्या गाड्या बनवणाऱ्यांनाही हा त्रास आहे, त्यांच्यासाठी वेगळे कॅमेरे करावे लागले.

याच जातीचं घरचं उदाहरण : स्विचवर बारका इंडिकेटर असेल तर बंद केलेला एलईडी बल्ब रात्री अंधुक पेटतो की नाही? इंडिकेटरमधून झिरपणारी वीज त्याला पुरते. जुन्या कंट्रोलरवर नवे एलईडी चढवले तेव्हा सिग्नलमध्येही हे व्हायचं. बंद दिवा किंचित पेटलेला. आणि उलटही व्हायचं. लाल दिवा गेलाय का हे कंट्रोलर त्याच्या विजेच्या ओढीवरून ओळखतो. १०० वॉटची सवय असलेल्या कंट्रोलरला १२ वॉट म्हणजे दिवा गेलाच असं वाटायचं.

---

वैतागराव

आता माझा खरा वैताग. सेकंद दाखवणारे आकडे. मागचे लोक '५' ला पहिला गिअर टाकतात, '३' ला हॉर्न वाजवतात आणि '१' ला समोरच्या बाजूने पिवळ्यावर घुसलेला शेवटचा गाडीवाला अजून चौकात असतो. तो आकडा गुण की दोष?

आणि बऱ्याच ठिकाणी हल्ली तो बंदच असतो. बिघडलाय का?

---

कॅपॅसिटर

बंद असतो त्याचं एक कारण बिघाड नाही. पुण्यातल्या सव्वाशेच्या आसपास चौकांत गर्दी बघून वेळ ठरवणारी यंत्रणा बसवली. रांग लांब तर हिरवा जास्त, रस्ता मोकळा तर लवकर लाल. ज्याला स्वतःलाच पुढच्या क्षणी काय करायचं ते ठरवायचंय, तो ३४, ३३, ३२ असं वचन कसं देणार? म्हणून आकडा झाकतात, किंवा शेवटचे काही सेकंदच दाखवतात.

मला स्वतःला आकडा आवडतो. लांब लाल असेल तर गाडी बंद करता येते. वैतागराव म्हणतात तेही खरं आहे, पण त्यात दिव्याचा दोष नाही.

---

सायकलवाली आजी

पादचाऱ्यांचा आकडा काढू नका म्हणावं. बाकी तुमचं तुम्ही बघा.

---

पर्वतीपायथा

कुणीच लिहिलं नाही म्हणून. वीज गेल्यावर काय? वळवाचा पाऊस आला की पहिली वीज जाते, आणि नेमकं तेव्हाच सगळं शहर रस्त्यावर असतं. दांडेकर पुलाला अशा संध्याकाळी एकदा पाऊण तास उभा होतो.

शनिवारपेठींचा आकडा घेतला तर १,२०० वॉटला बॅटरी ठेवणं परवडायचंच नाही. घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-अवरची बॅटरी तासभरात बसली असती. १४४ वॉट अधिक कंट्रोलर, एवढ्याला तीच बॅटरी पाच-सहा तास ओढते. वर छोटं सौर पॅनेल टाकलं तर आणखी. मला वाटतं खरा फायदा हा आहे, बिल नंतर.

---

शिडीवाला

पर्वतीपायथा बरोबर बोलले. बॅटरी असली तर. आणि असली तर तिच्यात कुणी पाणी घातलं असलं तर.

शनिवारपेठींनी आणखी लिहा म्हटलं म्हणून एक मनातलं सांगतो. पटलं नाही तर सोडून द्या.

आमच्या वेळी बल्ब गेला की अर्ध्या तासात निरोप यायचा. चौकात गोंधळ व्हायचा ना! पोलिसाला स्वतःला उन्हात उभं राहावं लागायचं, तो काय गप्प बसतो? जोपर्यंत बल्ब लागत नाही तोपर्यंत आम्हाला सुटका नाही. शिडी लावली की बल्ब तर बदलायचोच, पण वर चढलोच आहोत तर काच पुसायचो, टोपी सरळ करायचो, समोर आलेली फांदी मोडायचो, सैल झालेला स्क्रू आवळायचो. बल्ब मरायचा म्हणून सिग्नल दर दोन-तीन महिन्यांनी माणसाच्या हाताखालून जायचा.

एलईडी मरत नाही. हळूहळू मंद होतो. एक माळ गेली, दुसरी गेली. थांबणारे थांबतात. निरोप कोण देणार? पाच-पाच वर्षं वर कुणी चढत नाही. काचेवर धुराचा थर, टोपी वाऱ्याने फिरलेली, रबराची कड वाळून पाणी आत. दिवा पन्नास हजार तासांचा आहे हो, पण रबर नाही.

मी एलईडीच्या विरुद्ध नाही. माझे गुडघे तर अजिबात नाहीत.

---

कॅपॅसिटर

काका, तुम्ही मर्मावर बोट ठेवलंत. मी तांत्रिक भर घालतो. पन्नास हजार तास हे एलईडीचं आयुष्य. त्याला वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हरचं नाही. तपकीर गल्लीत भंगारात मिळालेली दोन मॉड्यूल मी हौसेने उघडली आहेत. दोन्हींत एलईडी ठणठणीत. एकात कॅपॅसिटर, म्हणजे ड्रायव्हरमधला वीज साठवणारा बारका भाग, फुगलेला (माझा आयडी उगाच नाही), दुसऱ्यात पाणी शिरून तांबं हिरवं पडलेलं. तो कॅपॅसिटर दहा-पंधरा रुपयांचा. बदलला, दिवा लागला. घरी गॅलरीत लाल सिग्नल आहे आता. सोसायटीच्या सचिवांनी नोटीस दिली आहे.

उन्हाळ्यात खोक्याच्या आत बाहेरपेक्षा बरंच जास्त तापतं, आणि असे कॅपॅसिटर उष्णतेने वाळतात. पिवळ्या आणि लाल एलईडीचा उजेडही तापल्यावर उतरतो, पिवळ्याचा जास्त. हिरव्याला त्या मानाने कमी फरक पडतो. म्हणजे एप्रिलच्या दुपारी, जेव्हा उन्हाशी झगडायला सगळ्यात जास्त उजेड हवा, तेव्हाच तो कमी मिळतो.

---

विज्ञानवेडी

मग ठराविक मुदतीने मोजमाप करायला हवं ना? दिवा लागतो की नाही यापेक्षा किती लागतो हे.

---

कॅपॅसिटर

हवं. काम अवघड नाही, उजेड मोजायचं छोटं यंत्र पुरतं. बल्बच्या काळात 'चालू' आणि 'बंद' असे दोनच रकाने लागायचे. एलईडीला मध्ये तिसरा लागतो.

---

शनिवारपेठी

तिसऱ्या रकान्याचा अनुभव आजच घेतला.

काकांचं वाचून फोन केला. कुठे ते लिहीत नाही, पलीकडचा मुलगा सभ्य होता, त्याचा दोष नाही. संवाद जसाच्या तसा :

"सिग्नलची तक्रार द्यायची आहे."
"चौक?" (सांगितला.)
"चालू आहे की बंद?"
"चालू आहे, पण लाल अर्धा गेलाय."
"अर्धा म्हणजे, काका, चालू की बंद?"
"चालू."
"मग तक्रार काय लिहू?"

शेवटी म्हणाला, फोटो पाठवा. फोटो काढला. फोटोत दिवा पूर्ण बंद आला. ई_चलान_ग्रस्त, तुमची आठवण झाली. पाच वेळा काढला तेव्हा एकात काळा कोपरा नीट दिसला, तो पाठवलाय.

---

ई_चलान_ग्रस्त

बंद आलेला फोटोच पाठवायचा होतात. उद्या माणूस आला असता.

---

शिडीवाला

हेच म्हणणार होतो. पण आपण खोटं कशाला बोला. आणि माणूस आलाच तर त्याला सांगा, टोपी पण बघ आणि काच पूस. वर चढलाच आहे तर.

---

मुळशीकर

सगळं झालं, पण चौक कुठला ते शेवटपर्यंत सांगितलं नाहीत.

---

शनिवारपेठी

आज सकाळी परत मोजलं. आणखी एक माळ गेली. पूर्ण बंद पडला की सांगतो.